आमनाभाभीचं ‘नाही’

रोह्याजवळच्या अष्टमी गावात कुणाचा मुलगा, भाऊ किंवा नवरा गल्फला निघाला की त्याचे कागद आमना मुकादमच्या ओट्यावर येतात. आता सगळं मोबाईलवर भरायचं असतं, पण मोबाईलवर भरणारी पोरंसुद्धा आधी भाभीकडून कागदावर लिहून घेतात आणि मग ते बघून बोटं चालवतात. भाभी दहावी पास आहे, अक्षर छापल्यासारखं आहे आणि जीभ त्याहून ठसठशीत. “पासपोर्टावर बापाचं नाव एक, आधारावर दुसरं? बाप दोनदा जलमला काय रे तुजा?” असं म्हणत ती चष्मा नाकावर सरकवते आणि समोरचा तीस वर्षांचा बाप्या चौथीतल्या पोरासारखा मान खाली घालतो.

त्या कागदांत एक प्रश्न हमखास असतो. तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला क्षयरोग झाला होता का? बाकीचे सगळे प्रश्न भाभी मोठ्यानं वाचते, हा वाचत नाही. तिथं आली की तिचा पेन आपसूक ‘नाही’च्या चौकटीत उतरतो. एकदा एकजण भाबडेपणानं सांगायला लागला, की लहानपणी आपल्याला सहा महिने गोळ्या... तर तिनं त्याला तिथंच अडवलं. “खोकला झालता. खोकला कुणाला होत नाय? पुढं सांग, उंची किती?” ‘होय’वरच्या एका खुणेपायी माणूस घरी बसतो आणि त्याच्यामागं सगळं घर बसतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे टीबी हा शब्द तिच्या ओट्यावर निघतच नसे.

तर ही आमना ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी पेणच्या एका खासगी हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी बाकावर बसली होती. आत तिचा नवरा सईद टेबलावर आडवा होता आणि त्याच्या तोंडातून श्वासनळीत एक नळी गेली होती.

सईद बावीस वर्षं सौदीत दमामला एका गोदामावर होता. गेल्या वर्षी कायमचा घरी आला. आला तेव्हा धडधाकट होता. पावसाळ्यात खोकला लागला, मग संध्याकाळचा ताप. गणपतीच्या सुमाराला विजारी कमरेवर राहीनात, नाडी बांधायची वेळ आली. तीस वर्षं सिगरेट ओढलेला माणूस, त्यामुळे रोह्याच्या डॉक्टरांनी आधीच तोंड बारीक केलं होतं. बेडक्यात काही सापडलं नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र दोन फुप्फुसांच्या मध्ये, श्वासनळीला लागून गाठी दिसल्या. “यात मुख्य शंका दोनच,” रोह्याचे डॉक्टर म्हणाले. “टीबी नाहीतर कॅन्सर. बाहेरून सांगता येत नाही. पेणला जा, तिथं नळीतून सोनोग्राफी करतात.”

पेणला डॉक्टर स्पृहा टिपणीस होत्या. पेणच्याच, शाळामास्तरांच्या घरातल्या. मुंबईला शिकून परत आलेल्या, वय पस्तिशीचं. त्यांनी सोमवारी कागदावर श्वासनळीचं चित्र काढून दाखवलं होतं. नळीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते. ती आतून भिंतीला टेकवली की भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर दिसते आणि बघता बघता सुई घालून तिच्यातलं थोडंसं ओढून घेता येतं. कॅन्सरची गाठ पुष्कळदा गोल टपोरी, कडा स्वच्छ. टीबीच्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या, शिळ्या भाताच्या ढेकळासारख्या, मध्ये कुजलेलं, कडा पुसट. “पण आपल्याकडे या दोघी एकमेकींचे कपडे घालून फिरतात,” त्या म्हणाल्या. “म्हणून नुसत्या चित्रावर मी जात नाही. सुईत काय येतं, आणि माणूस काय सांगतो, तेही बघते.”

आणि मग त्यांनी विचारलं होतं, “घरात कुणाला टीबी झाला होता का? मागच्या चार-पाच वर्षांत?”

सईदनं सवयीनं बायकोकडे पाहिलं. कागदपत्रं हे तिचं खातं. आमनाच्या तोंडून शब्द निघूनही गेला.

“नाय.”

इतका सहज, की डॉक्टरांनी मान वर न करता लिहून घेतलं.

खरी गोम इथंच होती. दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता, आणि तो आमनालाच झाला होता. फुप्फुसाचा, खोकल्यातून पसरणारा. तेव्हा शाझियाचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरत होतं. मुलीच्या आईला टीबी आहे म्हटल्यावर कुठलं स्थळ उंबऱ्याच्या आत येणार? आमनानं सहा महिने पेणला येऊन सरकारी गोळ्या नेल्या. मोहल्ल्यात सांगितलं, गुडघ्याला शेक घ्यायला जाते. बायका विचारायच्या, “काय गो भाभी, गुडघा कसा हाय?” आणि ही बाई न चुकता जरा लंगडून दाखवायची. गोळ्या तिनं पासपोर्टांच्या झेरॉक्स ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत लपवल्या, कारण त्या पेटीला हात लावायची अष्टमीत कुणाची प्राज्ञा नव्हती. शाझियाला सांगितलं नाही. दमामला सईदला तर मुळीच नाही.

साखरपुड्याला सईद चाळीस दिवसांची रजा काढून आला, तेव्हा आमनाच्या गोळ्यांना जेमतेम आठवडा झाला होता. खोकला यायचा, ती पदर तोंडात कोंबायची. तिनं त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. “तुमच्या घोरण्यानं मला झोप लागत नाय,” म्हणाली. दोन वर्षांनी घरी आलेला माणूस. त्यानं उशी उचलली आणि गेला बाहेर. चाळीसपैकी अठ्ठावीस दिवस राहिला, मग म्हणाला की कंपनीनं लवकर बोलावलंय. आमनाला तेव्हा हायसं वाटलं होतं, की आता तरी याला आपल्यापासून लागणार नाही.

आता ती बाकावर बसून हिशेब लावत होती. रात्री बाहेर झोपवलं खरं, पण दिवसभर? साखरपुड्याची गर्दी, बंद गाडीत मांडीला मांडी लावून बसणं, एकाच ताटातलं जेवण?

“खाला, च्या घेता?” जावई नावेदनं विचारलं. शाझियाचा नवरा. धाटावच्या केमिकल कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून घरी न जाता तसाच गाडी घेऊन दारात आला होता. डोळे तांबारलेले, अंगाला अजून कंपनीचा वास. सात महिन्यांचं बाळ घरी टाकून हा सासऱ्यासाठी पेणला आलेला.

“नको रे.”

“काय नाय होणार. टीबीच निघंल बगा. हल्ली औषधं हायत.”

तिनं मान हलवली. सोमवारपासून ती पाच वक्त एकच मागत होती, या अल्ला, टीबी निघू दे. वीस वर्षं ज्या रोगाला तिनं कागदावर पाऊल ठेवू दिलं नाही, तोच आता पदर पसरून मागत होती. आणि प्रत्येक वेळी दुवा पुरी व्हायच्या आत मनात दुसरं यायचं. टीबी निघाला तर तो माझ्याकडून गेला. कॅन्सर निघाला तर सिगरेटीचा दोष, माझा नाही. कालच्या नमाजाला हा विचार मनात स्पष्ट उभा राहिला तेव्हा तिला स्वतःची इतकी किळस आली, की ती अंथरलेली जानमाज तशीच टाकून उठली होती.

सकाळी निघताना तिनं पेटीतून आपलं उपचाराचं कार्ड काढून सईदच्या फाईलमध्ये ठेवलं होतं. मग रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली, तेव्हा नावेद आरशात बघतोय असं वाटून ते फाईलमधून काढलं आणि पिशवीच्या अस्तरात सरकवलं. आता ते तिथं होतं. पिशवी मांडीवर होती आणि ते कार्ड तिला विटेएवढं जड लागत होतं.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग मशीनची टुकटुक चढली. एक नर्स घाईनं बाहेर आली, ऑक्सिजनचं काहीतरी घेऊन परत आत गेली. नावेद उभा राहिला. आमनानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

पाच मिनिटं गेली असतील. दार उघडून स्वतः डॉक्टर स्पृहा बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढलेला, कपाळावर घाम.

“घाबरू नका. ऑक्सिजन खाली आला म्हणून नळी काढलीय, त्यांना जरा श्वास घेऊ देतेय. ठीक आहेत. पण ऐका, मला दोन मिनिटं तुमच्याशी बोलायचंय.” त्या आमनाच्या शेजारी बाकावरच बसल्या. “तीन वेळा सुई घातली. तिन्ही वेळा जे आलं ते सगळं मेलेलं, कुजलेलं. ते काचेवर पसरून आम्ही इथंच पाहिलं. त्यात कॅन्सरच्या पेशीही दिसत नाहीत आणि टीबीचंही काही ठाम नाही. तिन्ही वेळचं काचांवरच संपलं.”

“मंग?” नावेदनं विचारलं.

“आता फक्त एकदा घालता येईल. त्याहून जास्त त्यांना झेपणार नाही. येईल ते थेंबभर. ते मी कुठल्या बाटलीत टाकू, हा प्रश्न आहे. कॅन्सर बघायचा तर ते फॉर्मेलिनमध्ये घालावं लागतं. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीची नीट तपासणी होत नाही. सलाईनमध्ये घातलं तर टीबीचं कळेल, पण कॅन्सरचं राहून जाईल. दोन्हीकडे वाटण्याएवढं येईल असं मला वाटत नाही. चित्रात गाठी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, मला टीबीची शंका येते. पण त्यांचं वय, सिगरेट, आणि घरात कुणालाच टीबी नाही. ते सगळं दुसरीकडे ओढतं. म्हणून मी फॉर्मेलिनच्या विचारात आहे. चुकीची बाटली निवडली तर पुढे मुंबईला छाती उघडून तुकडा काढायची वेळ येईल. त्यांच्या आजच्या ताकदीत मला ते नकोय.” त्यांनी आमनाकडे पाहिलं. “म्हणून शेवटचं विचारते, नीट आठवून सांगा. घरात कुणीच नव्हतं?”

नावेद तिथं उभा होता. दोन हातांवर. लग्नाच्या वेळी याच पोराच्या आईनं विचारलं होतं, घरात काही आजारबिजार? आणि आमनानं तिचा हात दाबून म्हटलं होतं, अल्लाचा करम हाय, काय नाय. ‘नाय’ हा शब्द आत्ताही जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. वीस वर्षांच्या सवयीचा शब्द, त्याला बोलवावंही लागत नाही.

आतून सईद खोकला. खोल, दमलेला खोकला. तो तिनं ओळखला, कारण दोन वर्षांपूर्वी पदरात कोंबलेला तिचा खोकला असाच होता.

तिनं पिशवी उलटी केली. अस्तराची शिवण बोटांनी टरकावली आणि कार्ड डॉक्टरांच्या हातात दिलं.

“मी होते,” ती म्हणाली. “मला झालता. सोमवारी मी खोटं बोलले.”

डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. रागावल्या असत्या तर आमनाला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “तेव्हा ते घरी होते?”

“अठ्ठावीस दिवस.”

“गोळ्या पूर्ण घेतल्यात?”

“एक चुकवली नाय.”

“बरं झालं आत्ता सांगितलंत,” म्हणत त्या उठल्या आणि दारातूनच आत ओरडल्या, “सिस्टर, फॉर्मेलिन राहू दे. सलाईनची बाटली काढा!”

दार बंद झालं. आमना आणि नावेद दोघंच उरली. नावेद भिंतीकडे बघत होता.

“बाळाला तुमी घेता,” तो म्हणाला.

“बाळ झालं तवा मी बरी होते रे. वर्ष होत आलतं गोळ्या संपून. तपासून घेतलं होतं. कुराणाची शपथ.”

“शाझियाला म्हाईत हाय?”

“नाय. तिला काय बोलू नको. बोलायचं ते मला बोल.”

तो वळला आणि जिना उतरून गेला. पायऱ्यांवर त्याच्या बुटांचा आवाज खाली खाली गेला. गाडी घेऊन निघाला असंच तिला वाटलं. जाऊ दे, ती मनात म्हणाली. लेकीचा संसार गेला, नवऱ्याचा जीव तरी वाचू दे. असली वाटणी करायची वेळ आपल्यावर आपणच आणली.

अर्ध्या तासानं नर्स बर्फाच्या डब्यात बारकी बाटली घेऊन आली. “हे सरकारी लॅबला पोचवायचंय, दुपारच्या आत. सोबत कोण आहे तुमच्या?”

आमनानं शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. आणि जिन्यावरून नावेद वर आला. तोंड धुतलेलं, केस ओले. त्यानं डबा नर्सच्या हातातून घेतला.

“द्या. मी नेतो.” मग सासूकडे न बघता म्हणाला, “आईला मी काय बोलनार नाय. पन शाझियाला तुमी स्वता सांगा. माझ्याकडून कळाया नको.”

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डॉक्टर स्पृहांनी स्वतः फोन केला. टीबीच. नेहमीची औषधं लागू पडतील असला. सहा महिने गोळ्या. आमना फोन कानाला लावून ओट्याच्या खांबाला टेकली आणि रडली, ते बघून समोरच्या घरातल्या बाईला वाटलं की सईद गेला. ती पदर सावरत धावत आली. तिला आमना म्हणाली, “टीबी हाय गो, टीबी!” आणि ती बाई काही न कळून बघतच राहिली, कारण त्या ओट्यावरून हा शब्द निघालेला तिनं कधी ऐकला नव्हता.

शाझियाला तिनं त्याच आठवड्यात सांगितलं. ती चिडली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बाळाला मांडीवर आणून टाकलं. राहिला सईद. डॉक्टरांना सांगणं सोपं होतं, तिथं जीव टांगणीला होता. आता जीव वाचला होता आणि जीभ परत जड झाली. रोज सकाळी ती त्याच्या तळहातावर गोळ्या मोजून ठेवायची आणि ठरवायची, आज सांगू. तिसऱ्या आठवड्यात त्याचा ताप गेला. भाकरी चवीची लागायला लागली, विजारीची नाडी सैल करावी लागली. तरी तिनं सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी सरकारी दवाखान्यातून तनया आली. टीबीच्या रोग्यांच्या घरी फिरणारी, स्कुटीवाली मुलगी. तिनं ओट्यावर बसून फॉर्म काढला.

“काका, हे भरावं लागतं. तुमच्या सहवासात आधी कुणाला टीबी होता का?”

सईद तक्क्याला टेकून बसला होता. त्यानं लगेच हात उडवला. “घरात कुणी नाय. लिही, दमामच्या खोलीत एक हैदराबादी होता, रात्रंदिन खोकायचा हरामखोर. त्यानंच दिला मला. अल्ला त्याला...”

“नका,” आमना म्हणाली. “त्याला शिव्या देऊ नका.”

तिनं तनयाच्या हातातून फॉर्म आणि पेन घेतला. चष्मा लावला. तो प्रश्न तिनं या वेळी मोठ्यानं वाचला, जसे बाकीचे वाचते तसा. ‘होय’च्या चौकटीत खूण केली. नाव: आमना सईद मुकादम. नातं: पत्नी. कधी: तिनं महिना आणि साल लिहिलं. अक्षर छापल्यासारखंच आलं. मग तिनं कागद सईदच्या पुढ्यात धरला.

सईदनं वाचलं. परत वाचलं. सालावर त्यानं अंगठा ठेवला आणि तिथंच थांबला.

“शाझियाचा साखरपुडा,” तो म्हणाला.

“व्हय.”

“म्हनून माझं अंथरूण बाहेर टाकलंस?”

“व्हय.”

त्यानं कागद खाली ठेवला. “घोरण्यानं झोप लागत नाय म्हनालीस गो. मला वाटलं, बावीस वर्षं दूर राहिलो, आता हिला मी नको झालो. कंपनीनं कुठं बोलावलंतं मला? मीच गेलो. दमामला जाऊन बारा दिवस खोलीत बसून होतो.”

आमनाच्या हातातला पेन गळून ओट्यावरून खाली अंगणात गेला, तो तनयानं उतरून उचलून आणला. दोघं एकमेकांकडे बघेनात, म्हणून बिचारी तीच घाईघाईनं सूचना सांगायला लागली. गोळ्या चुकवायच्या नाहीत. अंडी, मासे भरपूर खायचे. महिन्याला वजन करायला यायचं.

“आणि काकी, ताटं वेगळी, अंथरूण वेगळं असलं काही करू नका. काकांचा टीबी आतल्या गाठींचा आहे. तो असा एकमेकांना लागत नाही.”

सईदनं डोळे पुसले आणि मान वळवून बायकोकडे पाहिलं.

“ऐकलंस ना गो?” तो म्हणाला. “नायतर परत टाकशील बाहेर.”